वडाभोवतीचा ओटा

१४ मे

आज जेसीबीसमोर आडवी पडले. एकटीच! निजामपुऱ्यातला आमच्या सोसायटीबाहेरचा वड पाडून बिल्डरला दुकानांसाठी रस्ता काढायचाय. बाकीच्या बायका गॅलरीतून बघत होत्या. पोलिसांनी चौकीत नेऊन बसवलं. सोडवायला आल्या जाऊबाई. वाटेत एवढंच म्हणाल्या, "निरू, भांडून काय मिळालं? मी बोलून बघते." चौकीतला चहासुद्धा इतका कडू नव्हता.

१९ मे

जाऊबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा ना! गेल्या बिल्डरकडे, पेढे घेऊन. आणि वड वाचला! शेठ जाऊबाईंना म्हणाला, "सुहासिनीबेन, झाड तो आपणुं ज छे ने!" झाड आपलंच म्हणे! वर वडाला ओटाही बांधून देणार. मागणी मंडळाचीच — वटपौर्णिमेला फेऱ्या मारताना शालूंना चिखल लागतो.

मी म्हटलं, मुळांवर सिमेंट ओतायचं? जाऊबाई म्हणाल्या, "तुला सगळ्यात खोटच दिसते गं." सगळ्या हसल्या.

१० जून

वटपौर्णिमा. चकचकीत फरशी थेट बुंध्यापर्यंत. मांडव, सरबत, शेठचा बॅनर वडालाच बांधलेला — बायकांनी सूत त्याच्यावरूनच गुंडाळलं! पारंब्या डोक्याला लागतात म्हणून छाटून टाकल्या. जाऊबाईंना शाल मिळाली. मी फेऱ्या मारल्या नाहीत. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. नका बोलू.

२ ऑगस्ट

वडाची पानं पिवळी. भर पावसाळ्यात!

१७ सप्टेंबर

मोठी फांदी पडली. नर्सरीवाला बघून म्हणाला, मुळं गुदमरलीत, ओटा फोडा, तरच काही आशा. शेठ म्हणे ओटा त्यानं बांधला, म्हणजे आता जागा त्याची, हात लावायचा नाही. जाऊबाई त्याच्या ऑफिसात दोनदा ताटकळून आल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना. ऐकून मला बरं वाटलं. झाड मरतंय आणि मला बरं वाटतंय! शी!

जेवताना म्हटलंच, "आणखी पेढे न्या." त्या ताटावरून उठून गेल्या.

२१ सप्टेंबर

सकाळी पहार घेऊन वडाकडे गेले. ओट्यावर आधीच कुणीतरी घण घालत होतं. जाऊबाई! पदर खोचलेला, अर्धी फरशी उखडलेली. शेठचा वॉचमन ओरडत होता, पोलीस आले, तरी जाऊबाई थांबेनात. "साहेब, आधी चहा घ्या, बसून बोलू" — हात जोडून हे म्हणालं कोण? मी! आणि शेवटची फरशी निघेपर्यंत बोलत राहिले.