झाकणभर

सोमवार, दुपार

धाकट्या,

तुला आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. छप्पर गळायचं थांबलं, शिवणकाम भरपूर आहे, माझा गुडघा मात्र अजून रुसलेलाच. खाणीतली धूळ सोसतेय का? खोकला गेला?

तुझी चिमणी मजेत आहे. उंच झालीय. तू पाठवलेले बूट तिला लहान होतात, पण बाबांनी दिलेत म्हणून बोटं दुमडून घालते.

परवा मला शाळेत बोलावलं होतं. तसं विशेष काही नाही. म्हणजे, आहे. मोठ्या बाईंनी टेबलावर बाटली ठेवली. तुझीच, गेल्या सुट्टीत ओट्याखाली राहिलेली. आपली चिमणी धरून सहावीतल्या चार मुली शाळेच्या मागे ती पिताना सापडल्या. एकीला उलट्या झाल्या म्हणून कळलं.

बाई म्हणाल्या, "तुम्हा आदिवासींच्या रक्तातच असतं ते."

मी म्हटलं, "मग बाई, चाळिशी उलटली तरी मी कोरडी कशी?"

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा असं झालं तर चिमणीचं नाव काढून टाकू, एवढं मात्र बजावलं.

वाटेत मी तिला विचारलं, "कुणी शिकवलं? मोठ्या मुलींनी?"

"कुणी नाही गं आत्या. आम्ही 'बाबा आले' खेळत होतो."

त्या चौघींचेही बाप लांब कामाला. एकीनं बाप व्हायचं. दारातून यायचं, पिशवी खाली टाकायची, "कुठंयत माझ्या वाघिणी?" म्हणायचं आणि ओळीनं प्रत्येकीला झाकणभर द्यायचं.

"बाबा नेहमी मीच होते," चिमणी म्हणाली. "मला त्यांच्यासारखं हसता येतं." हसून दाखवलंन. अगदी तू.

तू लाडानं देतोस, मला का ठाऊक नाही? आप्पांनीही लहानपणी आपल्याला असंच दिलं होतं. मी थुंकले. तू आणखी मागितलंस, आणि सगळं घर किती हसलं होतं!

ते झाकण तिच्या कंपासपेटीत आहे. मी काढून घेतलेलं नाही. तू आलास की ते हातात धरून ती दारात उभी राहील. तू पिशवी खाली टाक, वाघीण म्हण, पोटभर हस. पिशवीत बाटली तेवढी नको.

जमणार नसेल, तर या खेपेला येऊ नकोस.

येशील तेव्हा बूट एक माप मोठे आण.

रोज दाराकडे बघणारी,
तुझी ताई