बाबांच्या नावाचा ठेचा

पुणे

ती. आईस,
तुझ्या तृप्तीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही टाइम जेवते. तू म्हणाल्तीस, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमव, पण गेलेल्या माणसाच्या नावानं लोकांपुढं हात पसरू नको. न्हाई पसरला. ऑफिसात एक दिवस ज्वारीची भाकर अन् तुझ्या पद्धतीचा ठेचा विकला. जे आलं ते सगळं बाबांच्या नावानं संशोधनाला दिलं.

एक गंमत झाली. पहिल्यांदा वाटला तो ठेचा बिलकुल मिळमिळीत! मैत्रीण म्हणली, "यात मिरची कुठंय?" मंग ध्यानात आलं. बाबांच्या तोंडाला तिखट सोसंना झालं, तसं आपण घरात सगळ्यांचंच तिखट बंद केल्तं. माझ्या हाताला तेच वळण पडलं. मंग पुन्हा वाटला, तू करायचीस तसा जाळ. दुपारपर्यंत भाकरीचा तुकडा उरला न्हाई. लई हलकं वाटलं बघ.

परतूरला थंडी पडली का? अन् आपल्या धाकट्या कल्याणनं गुटखा सोडला का? खरं सांग, त्याला पाठीशी घालू नको.

तोच फोनवर म्हणाला, बाबांना जाऊन वर्ष झालं तरी आई सपकच खाती. म्हणून ठेच्याची एक बरणी पाठवून राह्यले. खा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. वाटताना मलाबी आल्तं, सगळ्यांना वाटलं मिरचीच झोंबली.

तुझीच,
तृप्ती