आईच्या अकरा कॅसेटी

७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या अकराही व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवरून डिस्कवर उतरवून झाल्या. हे काम घाईचं नाही. दोन तासांची कॅसेट असली की दोन तास समोर ठाण मांडून बसावं लागतं. कचेरीतून आलो की चहाचा कप घेऊन मी आतल्या खोलीत जायचो. दोन वेण्या घालून तू जे काही नाचली आहेस, ते तुझ्या सुनेला दाखवायची सोय झाली! बाबा एकदा येऊन बसले, पण पाच मिनिटांत उठून गेले.

कॅसेटींना बुरशी चढलीच होती, तू म्हणाली होतीस तशा सगळ्या भंगारात देऊन टाकल्या. डिस्क सोबत आहेत.

मिळाल्याचं कळव, आणि माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा

१९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डिस्क पोचल्या. मी रजा काढली, दार लावून घेतलं आणि पहिली डिस्क लावली. चित्र अगदी स्वच्छ आहे, पण आवाज येत नाही. शेजारच्यांकडे लावून पाहिली, तिथेही तेच. दोष माझ्याच मशीनचा असेल, तू उगाच घाबरू नकोस.

पण तुला माहीत आहे मला काय हवंय. आईनं कॅमेरा कधी कुणाच्या हाती दिला नाही, त्यामुळे ती एकाही कॅसेटमध्ये दिसत नाही. कॅमेऱ्यामागून तिचं बोलणं तेवढं ऐकू यायचं. शेवटच्या आठवड्यात मी पोचू शकले नाही, आणि तू फोन तिच्या कानाशी धरलास तेव्हा तिची वाचा गेली होती. मला तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे रे. तुझ्याकडच्या प्रतीवर येतो का, तेवढं बघून लगेच लिही.

जिवाला जप. बाबांना नमस्कार.
ताई

२८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून पुन्हा लिहितोय. आवाज माझ्याकडेही नाही. दोष तुझ्या मशीनचा नाही, माझा आहे.

कॅसेटच्या मशीनमधून तीन वायरी निघतात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. आई बोलायला लागली तर मला तिथे बसवणार नाही, म्हणून त्या दोन मी लावल्याच नाहीत. त्या फक्त स्पीकरसाठी असतात, डिस्कवर आवाज आपोआप उतरतो, असं धरून चाललो. अकराच्या अकरा कॅसेटी मी मुक्याच पाहिल्या. भंगारवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. त्याचा माल त्याच आठवड्यात पुढे गेला. बाबांना अजून सांगायचा धीर झालेला नाही.

माझ्या हातून आई दुसऱ्यांदा गेली, ताई. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.
तुझा धाकटा

११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, कारण खरंच रागावले होते. दोन दिवस तुझं नावही काढलं नाही. मग आठवलं, कॅसेटी टाकून दे म्हणून मीच तुझ्यामागे लागले होते. आणि तुला जे ऐकवेना, ते मला तरी कुठे ऐकवलं असतं? बाबांना सांगून टाक. ते रागावणार नाहीत, गप्प बसतील. त्यांच्याजवळ बस.

मी सगळ्या डिस्क पाहिल्या. चौथ्या डिस्कमध्ये मी पाचेक वर्षांची आहे. अंगणात पाठमोरी बसून मातीत काहीतरी खेळतेय. बराच वेळ काहीच होत नाही. मग मी एकदम मान वळवते, हातातलं सगळं टाकते आणि कॅमेऱ्याकडे धावत सुटते. जवळ येता येता चित्र हलतं आणि संपतं.

आईनं हाक मारली असणार. कुठल्या नावानं मारली, ते मला काही केल्या आठवत नाही. रोज तेवढंच लावते, आणि ती पोर रोज ऐकून धावत जाते.

तुझ्यावर राग नाही. येऊन जा एकदा.
ताई