चार दिवसांपुरती खिंड

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगे एकाच वेळी जमिनीला लावणे या वयात मला जमेल असे वाटले नव्हते. मंगळवारी सकाळी जमले. कसे, ते ओघात येईलच.) इकडे डावा गुडघा वगळता सर्व क्षेम. तुझी कंबर कशी आहे, हे केवळ रीत म्हणून विचारतो. पस्तीस वर्षे शिट्टी वाजवून पोरांना मैदानाभोवती पळवणाऱ्या खेळाच्या बाईंची कंबर, खुर्चीत बसून धातू चालवणाऱ्या संस्कृतच्या मास्तरापेक्षा ठणठणीतच असणार.

तुझे पत्र परवा पोचले. ‘तुम्ही डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात जाताय तर मीही येते, खिंड पुन्हा एकदा बघू,’ ही ओळ वाचून मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. पत्र सुदैवाने माझ्याच हाती पडले. ते मी शब्दकोशात ठेवले आहे, म्हणजे घरात कोणालाही ते सापडणार नाही.

सहलीची तयारी म्हणशील तर ती फार पुढे गेली आहे आणि दुर्दैवाने रोज आणखी पुढे जाते आहे. तुझी भावजय भूमापन कार्यालयात नकाशे काढते हे तू जाणतेसच. इतर बायका सहलीला निघताना कपडे काढतात, हिने उंचीच्या रेषा काढल्या. तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर ते उद्यान पसरले आहे आणि आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवतो. मीठ मागितले तर ‘त्या उत्तरेकडच्या शिखरावर आहे’ असे उत्तर येते. उद्यानाभोवती सायकलचे तीन मार्ग आहेत. नदीकाठचा आठ किलोमीटर, सपाट, हिरव्या पेन्सिलीने. जंगलातला एकोणीस किलोमीटर, निळ्या पेन्सिलीने. तिसरा एकतीस किलोमीटर, खिंडीतून, लाल पेन्सिलीने, आणि तोच तिने पक्का केला आहे. ‘हिरवा लहान मुलांसाठी आहे हो,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला तिथे झोप येईल.’ ताई, मला झोप आली असती, आणि मी ती आनंदाने घेतली असती.

कारण मला सायकल येत नाही. हे तुला माहीत आहे, आपल्या आईला माहीत होते, आणि आळीतल्या ज्या कुंपणावर मी अकराव्या वर्षी शेवटचा प्रयोग केला त्या कुंपणालाही माहीत होते. फक्त तुझ्या भावजयीला माहीत नाही. बावीस वर्षांपूर्वी आमच्या पहिल्या भेटीत तिने विचारले, ‘तुम्ही वाचण्याखेरीज काय करता?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘काही नाही’ असे होते. पण समोर ती बसली होती आणि मी तरुण होतो. मी तिला सांगितले की सतराव्या वर्षी मी एकट्याने सायकलवरून ती खिंड ओलांडली, वाटेत अस्वल दिसले, मडगार्ड निखळले ते मी लाल रिबिनीने बांधले, आणि माथ्यावरच्या वनरक्षकाने माझा फोटो काढला. (ही हकीकत तुला ओळखीची वाटू लागली असेल. कृपया अजून थोडा वेळ वाटू देऊ नकोस.) फोटो कुठे आहे असे तिने विचारले तेव्हा तो पुरात वाहून गेल्याचे मी सांगितले. आपल्या गावाला नदी नाही, ही गोष्ट नकाशे काढणाऱ्या बाईच्या लक्षात कशी आली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

लग्नानंतर ही हकीकत मी जपली, वाढवली. पहिल्या वर्षी अस्वल दरीपलीकडे होते. मुलगी झाली तेव्हा ते रस्त्यावर आले. यंदा पाहुणेमंडळींसमोर त्याने कॅरियरला हात लावला. आता रोज संध्याकाळी ती नकाशावर बोट ठेवून विचारते, ‘अहो, ही चढण तुम्ही उतरून चढलात की बसून?’ मी चष्मा पुसतो आणि म्हणतो, ‘अंशतः.’

सुटकेचे प्रयत्न मी केले नाहीत असे समजू नकोस. उद्यानाच्या कार्यालयाला गुपचूप पत्र लिहून विचारले, पन्नाशीपुढच्या इसमांना खिंडीत बंदी आहे काय? उत्तर आले, बंदी नाही, सवलत आहे. पुन्हा लिहिले, आम्ही निवडलेल्या दिवसांत हवामान धोक्याचे असते काय? उत्तर आले, तेच दिवस वर्षातले सर्वोत्तम, आपल्या अभ्यासाबद्दल अभिनंदन. तिसऱ्यांदा अस्वलांविषयी विचारले. त्या सज्जन कारकुनाने अत्यंत खेदाने कळवले की अस्वल दिसण्याची हमी देता येत नाही, तरी गैरसमज नसावा.

तेव्हा शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पहाटे ‘फिरायला जातो’ असे सांगून मी कॉलेजच्या मागच्या आवारात जातो. तिथला चौकीदार पूर्वी पोस्टमन होता. त्याची सायकल माझ्या प्राचार्यांइतकी जड आहे आणि वळायला तितकीच नाखूष. तो मागून कॅरियर धरतो आणि म्हणतो, ‘सर, पुढे बघा.’ मी म्हणतो, ‘पुढचे मला दिसते आहे, तू मागे आहेस का ते सांग.’ तो ‘आहे, आहे’ म्हणतो, आणि तो आवाज दर खेपेला जरा लांबून येतो. पायांना लय हवी म्हणून मी श्लोक म्हणत पायडल मारू लागलो. अनुष्टुभात सायकल छान चालली, दोन झाडे मागे पडली. मग माणसाला चढतो तसा मला मद चढला आणि मी शार्दूलविक्रीडित घेतले. त्यात बाराव्या अक्षरावर यती असतो. शास्त्राप्रमाणे मी यतीला थांबलो. सायकलला छंदःशास्त्र ठाऊक नसल्यामुळे ती आधी डावीकडे झुकली, मग मी झुकलो, आणि वर उल्लेखिलेला साष्टांग नमस्कार घडला. चौकीदार धावत आला आणि आधी त्याने सायकल उचलली.

घरी गुडघ्याचे कारण ‘पायरी’ असे सांगितले. तिने शेक दिला आणि माझ्या सदऱ्यावरचे चेनच्या तेलाचे बोट बराच वेळ बघत राहिली. पायऱ्यांनाही हल्ली तेल घालतात, असे मी म्हणणार होतो, पण राहिले.

असो. तुझ्या भाचीची वार्षिक परीक्षा संपली, ती बरी आहे. तुझ्या शेजाऱ्यांचा कुत्रा अजून भुंकतो का?

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कागद संपले, म्हणून टेबलावरच्या एका रद्दी कागदाच्या पाठीवर पुढचे लिहितो. मागे काही वेड्यावाकड्या रेघोट्या आहेत, त्यांकडे लक्ष देऊ नकोस. आता मुख्य विनंती. ताई, ती खिंड तू ओलांडलीस. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, दारात उभा होतो, आणि तू परत आलीस त्या संध्याकाळपासून मला ती खिंड हवी होती. ती मी तुला न विचारता घेतली. सहलीच्या चार दिवसांपुरती ती माझ्याकडे राहू दे. नंतर साभार परत करीन, हवे तर अस्वलासकट.

ता. क. २. तुझ्या कपाटातला तो फोटो आणू नकोस. आणि ते अस्वल नसून जळलेले खोड होते, असे तू मागे एकदा म्हणाली होतीस, ते कृपया तिथे म्हणू नकोस. बावीस वर्षांत मला त्याचा लळा लागला आहे.

ता. क. ३. गुडघ्यामुळे टपालपेटीपर्यंत जाववत नाही. पाकीट घट्ट चिकटवून तिच्याकडेच देतो आहे. ती दुसऱ्याची पत्रे कधीच उघडत नाही.

ताई, नमस्कार. खरंच मी उघडत नाही हो. पण खिंडीचा नकाशा दोन तास शोधतेय, आणि पाकिटातून माझ्या लाल पेन्सिलीची रेघ दिसत होती. तसंही यात मला नवीन काही नाही. लग्नाआधी मात्र रात्र रात्र विचार करायचे, सतरा वर्षांच्या मुलाकडे लाल रिबीन कुणाची? मग तुमच्याकडे पहिल्यांदा आले, कपाटात तो फोटो पाहिला. सायकल, दोन वेण्या, आणि रिबीन एकाच वेणीला. इतका जीव निवांत झाला की यांना विचारायचं राहूनच गेलं.

तर फोटो जरूर आणा. उद्यानवाल्यांकडे मी महिन्यापूर्वीच दोघांनी चालवायची एक सायकल सांगून ठेवली आहे. पुढे तुम्ही बसा. मागच्याने नुसतं पायडल मारायचं आणि बोलायचं असतं, त्यातलं एक यांना उत्तम येतं. खिंड एकदाची खरोखर ओलांडू दे त्यांना. नकाशा सोबत पाठवते, येताना परत आणा. फक्त माथ्यावर पोचेपर्यंत यांना काही कळू देऊ नका. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पहाटे उठून व्यायाम करताहेत.