माझ्या शिंका आणि चांदी म्हैस

८ जानेवारी
दामू आज चांदीला विकत घेऊन गेला. लांब नाही, इथं शेजारच्या भरे गावालाच. पण माझ्या शिंकांपायी घरची म्हैस विकली! मी नको म्हणत होते. निरंजन ऐकेना — रोज सकाळी तुझे हाल बघवत नाहीत, म्हणाला. नवऱ्याची माया ही अशी, भोगायचं सासूबाईंनी. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं.

१९ जानेवारी
शिंका चालूच. नाक ठार बंद. दूध उतू जाऊन करपलं तरी मला वास नाही.

२२ जानेवारी
पिरंगुटला डॉक्टर हेमलताबाईंकडे जाऊन आले. नाकातला फवारा चालू ठेवायचा, शिवाय प्रोबायोटिकच्या कॅप्सूल — म्हणजे पोटासाठी चांगले जंतू. दुखणं नाकाचं आणि औषध पोटाला? म्हणाल्या, काहींना फरक पडतो, काहींना नाही. दोन-तीन महिने घेऊन बघा, खात्री देत नाही. बाई आवडली मला.

सासूबाईंनी कॅप्सूल हातावर उलटसुलट करून पाहिली. "जंतू व्हय? मग आपल्या दह्यात काय येगळं असतंय?" आता घरात दही पिशवीच्या दुधाचं. त्या शिवत नाहीत त्याला.

२ फेब्रुवारी
कपाळ माझं! आमच्या घरात औषध म्हटलं की चहातच — सुंठ असो, नाहीतर गोळी. मीही कॅप्सूल फोडून रोज कढत चहात टाकत होते. डॉक्टर फोनवर हसत सुटल्या. अहो, जिवंत जंतू ते, उकडून मारलेत की सगळे! आता गार पाण्यातून.

१४ फेब्रुवारी
सासूबाई हल्ली रोज सकाळी भऱ्याच्या वाटेवरच्या मारुतीला जातात. शिळी भाकरी बांधून नेतात, देवळापाशी कुत्री असतात म्हणून. इतकं चालत कशाला, असं विचारलं. "तुज्या नाकासाठी जातीया," म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हैस गेली माझ्यापायी, आणि नवसही माझ्यासाठीच!

३ मार्च
शिंका कमी झाल्यात, खरंच. जंतूंनी, फवाऱ्यानं, की म्हैस गेली म्हणून — कुणास ठाऊक. निरंजन म्हणतो, बघ, म्हशीचंच होतं. सासूबाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

कॅप्सूलनं बरं वाटलं असेल तर चांदी उगाच गेली. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

२१ मार्च
आज एकही शिंक नाही. कुणाला बोलले नाही.

५ एप्रिल
वास आला! सासूबाई मारुतीहून आल्या, चहा द्यायला वाकल्या, आणि त्यांच्या पदराला म्हशीचा वास — ताजा. म्हणजे भाकरी कुत्र्यांना नव्हतीच. तोच पदर धरून पोटभर श्वास घेतला. शिंक आली नाही.

"आत्या, उद्या मीपण येते मारुतीला," सासूबाईंना म्हटलं. "खुंटीवरचं दावं घ्या बरोबर."