पाहुण्यांच्या ताटात मासोळी नाई

मु. बोडीटोला, ता. चामोर्शी
२४ जुलै १९८४

चि. मुखरूले गोकुळाआजीचा भरभरून आशीर्वाद. इथी सारे धड आहोत, तूबी तिकडं बंगालात धड राह्य.

तर सगळ्याइच्या आधी मंगली आली. पाहुण्याइच्याबी आधी. शेजारचंच घर, पण नवं लुगडं नेसून आली, जसे का तिचेच सोयरे येऊन राह्यले. मी म्हटलं बाई, पाहुणा माया नातवाचा मालक, तू काऊन नटली? तं म्हणे बंगाली बाई कशी दिसते ते पाहाले आली. पाहाले कोणी नवं लुगडं नेसते का?

तिच्या मागून मनसाराम आला. मासोळी सोसायटीचा अध्यक्ष म्हून धोतराले इस्त्री. पण एका जागी बसे ना. पोळ्याच्या आधी तलावात मासोळीचं बीज पडलं नाई तं तलाव पाच वर्षं बाहेरच्या ठेकेदाराले जाईन अन् आपण साऱ्या ढिवरांनी आपल्याच तलावावर दुसऱ्याच्या मजुरीनं जाळं ओढाचं, हे त्यानं मले पाहुणे येईपर्यंत तीनदा सांगतलं. मी म्हटलं, अध्यक्ष तू हायेस का मी?

मग जीप थांबली. तुये हरिपदबाबू उतरले, मागून शोभाराणीबाई, छत्री उघडूनच. बाईचा भाऊ चामोर्शीपलीकडच्या बंगाली निर्वासिताइच्या कॅम्पात राह्यते, त्याच्याकडं मुक्काम आहे त्याइचा, अकरा ऑगस्टपर्यंत. आपल्याकडं दिवसापुरते आले. तो भाऊ संगं होता, त्याले मराठी येते, म्हून बोलण्याची गाडी चालली.

बाबूनं पाय धुतले नाई, चहा घेतला नाई, सीधे तलावाच्या पाळीवर गेले. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, वास घेतला, अन् बाप्पा, एक घोट पेले! जिथी म्हशी डुंबतात तिथलं! मंगली पदरात तोंड खुपसून हासे. तू लिवलं होतं का हा माणूस पाणी पाह्यल्याबिगर बीज विकत नाई. मले वाटलं, नुसतं डोळ्यानं पाह्यते.

आता जेवणाचं ऐक, त्यात मी काही कमी केलं नाई. आधल्या दिवशीच सुक्या मासोळीची टोपली मंगलीकडं पोचवली, जाळी गोठ्यामागं टाकली, अंगण दोनदा सारवलं. घरात मासोळीचा वासबी राहू देला नाई. म्हटलं, मोठा माणूस आहे, त्याच्या पुढ्यात रोजचं खाणं काय ठेवाचं? तुया बाबानं, गोविंदानं, मोठा कोंबडा कापला. रस्सा, वडे, तांदळाची खीर. वडे असे फुगले का समोरच्या घरची इंदिराबाई अजून जळून राह्यली.

पण पाहुणे खातीलच ना! बाबूनं दोन वडे कसे तरी संपवले. बाई तं चुलीपाशी येऊन एकेका गंजावरचं झाकण उचलून पाहे अन् परत ठेवे. मले वाटलं, लाजाळू आहे बिचारी. निघताना मनसारामनं बीजाचं इचारलं तं बाबू म्हणाले का तिकडं आपल्या घरी पत्रानं कळवतो. म्हणजे झालंच समज. आम्ही सारे खूश आहोत.

मले दुसरीपर्यंतच शाळा, अक्षर सांभाळून वाच. तब्येतीले जप, अन् आजीवरची माया अशीच राहू दे.

तुयी आजी
गोकुळा

---

नैहाटीजवळ, बंगाल
३१ जुलै १९८४

तीर्थरूप आजीस मुखरूचा साष्टांग दंडवत.

तुझं पत्र आणि बाबूंचं पत्र एकाच दिवशी आलं. तुझं वाचून मी हसलो, मग त्यांच्या धाकट्या भावानं बाबूंचं वाचून दाखवलं आणि मी जेवण सोडून तुला लिहायला बसलो. आजी, बाबू बीज देणार नाहीत. त्यांनी लिहिलंय की तलाव दिसायला चांगला, पाणी चवीला ठीक, माणसं प्रेमळ. पण जे लोक आपल्या तलावाची मासोळी पाहुण्याच्या ताटात वाढत नाहीत, त्यांना त्या मासोळीबद्दल काहीतरी ठाऊक असणार. अशा पाण्यात माझं बीज मेलं तर नाव माझंच जाईल.

चूक तुझी नाही, माझीच. मी तीन महिने इथं बाबूंकडं कामाला आहे, मला हे आधी लिहायला हवं होतं. इथं पाहुण्याला मासोळी नाही वाढली तर तो उपाशी गेला असं धरतात. आणि बाबूंचं तर सारं पारखणं जिभेवर. गिऱ्हाइकाच्या तलावातली मासोळी ते मुंडक्यापासून खातात. मुंडक्यात पाण्याची सारी हकीकत असते म्हणतात. कोंबड्याच्या मुंडक्यात काय असणार?

मीही इथं अशीच माती खाल्ली. बीज म्हणजे जिऱ्याएवढी पिलं, ती पाण्याच्या हंड्यात वाटीनं मोजून घालतात. पहिल्याच आठवड्यात मी आपल्या बाजाराच्या सवयीनं म्हणालो की बाबू, वरून एक वाटी टाका. आपल्याकडं कोणताही ढिवर वरून एक मासोळी टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडतो का? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूंनी दोन हंडे मांडले. एकात त्यांचं माप, दुसऱ्यात माप आणि वर माझी वाटी. मला मध्ये बसवलं आणि पिलांना हवा मिळावी म्हणून दोन्ही हंड्यांतलं पाणी हातानं हलवत राहायला सांगितलं. दुपारपर्यंत दुसऱ्या हंड्यातली सारी पिलं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. वरची वाटीच नाही, आधीचीसुद्धा. इथं जास्त देणारा माणूस फसवणारा. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आता एवढंच कर. ते अकराला निघतील, त्याआधी बाबाला सांगून आपल्या तलावाची ताजी मासोळी धर आणि स्वतः कॅम्पात घेऊन जा. दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस, मनसारामकाकांना तर मुळीच नको. ते भाषण करतील.

आणि कोंबडा कोणता कापला ते लिही. माझा लाल तुऱ्याचा असेल तर मी रागावणार आहे.

घरच्या सगळ्यांना नमस्कार, आणि या नातवाला मनातून उतरवू नकोस.

तुझा
मुखरू

---

मु. बोडीटोला
१० ऑगस्ट १९८४

चि. मुखरूले आजीचा आशीर्वाद, अन् वरून एक धपाटा. लाल तुऱ्याचाच कापला. तूच म्हणे ना का मालकाचा मान ठेव.

तुयं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी अंधारातच गोविंदानं जाळं टाकलं. एक रोहू भेटली, माया हाताएवढी, अन् दोन मरळी, त्या गंजात पाणी घालून जित्याच घेतल्या. मनसाराम पाळीवर उभा. म्हणे, मासोळ्याइच्या व्यापाऱ्याकडं मासोळी घेऊन चालली, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक ठेकेदाराच्या मजुरीनं जातील तवा काय म्हणतील ते इचार.

एसटीत एका मरळीनं गंजावरचं फडकं उडवलं अन् सीधी एका मास्तराच्या मांडीवर. कंडक्टर म्हणे, बुढे, हिचं अर्धं तिकीट काढ. मी म्हटलं, काढतो, पण मंग बसाले जागा दे तिले. सारी गाडी हासली, मास्तर सोडून.

कॅम्पात पोचलो तं शोभाराणीबाई दारातच होती. गंज पाह्यला अन् धावत आली. रोहूचा कल्ला बोटानं उचलून आत पाह्यलं, लाल भडक. तवा पहिल्यांदा हासली बाई. मले धरून चुलीपाशी नेलं, पाटा माया पुढ्यात ठेवला अन् मोहरी वाटाले लावली. मासोळीत मोहरी! मी साठ वर्षं मासोळी रांधून राह्यलो, हे काही सुचलं नाई. पण चव सांगतो, वाईट नाई लागत. तू आला का करून खाऊ घालीन.

मग बाबू जेवाले बसले. मुंडकं त्याइच्या ताटात. सावकाश फोडलं, चोखलं, डोळे मिटले. मी आपली भिताडाले टेकून बसलो, पदराले पीळ घालत. मले वाटे का तो मासोळीचं नाई, मायंच मुंडकं खाऊन राह्यला.

खाऊन झाल्यावर त्याइनं मले इचारलं का त्या दिवशी काऊन नाई वाढली. मी खरं ते सांगतलं. मासोळी आम्ही सकाळसंध्याकाळ खातो, तेच पाहुण्याच्या ताटात टाकलं तं गाव म्हणीन का गोकुळाच्या घरी कोंबडा कापाची ऐपत नाई. बाईच्या भावानं हे बंगालीत दोनदा सांगतलं, कारण पहिल्यांदा कोणाले खरं वाटलं नाई. बाबू बायकोकडं पाहे, बायको त्याइच्याकडं. मग बाबूनं कपाळाले हात लावला अन् म्हणाले का मी पंचवीस वर्षं गावोगावचं पाणी चाखलं, अन् माणूस इचाराचं राहून गेलं.

तर आता निकाल ऐक. मुंडक्यात जराशी चिखलाची चव आहे म्हणे. म्हशी डुंबतात तो कोपरा कुंपण घालून बंद करा. बीज देतो, पण मनसारामनं मागतलं त्याच्या अर्धंच. तलाव तेवढंच पोसू शकते. अन् मुखरू, तुयं पत्र चोळीत खोचलेलं असताना माया तोंडून निघूनच गेलं का बाबू, वरून दोन वाट्या टाकजा. बाबूनं मायाकडं असं पाह्यलं! मी तोंडावर हात ठेवला. सवय आहे ते, मढ्यासंगंच जाईन.

घरी येऊन सांगतलं तं मनसारामचं तोंड वाकडं. अर्धं काऊन? बंगालचं बीज नाजूक असन, आपलं पाणी दमदार आहे. मी त्याले तुये दोन हंडे सांगतले. तरी पटलं नाई. पण आज सकाळी सोसायटीतल्या दसरूले अन् कोलूले बांबू देऊन म्हशीच्या कोपऱ्यात पाठवलं. पटलं नाई तरी चालते, कुंपण झालं म्हणजे बस.

ठेकेदाराचा माणूस काल सोसायटीत येऊन बसला होता. मनसारामनं त्याले चहा पाजला अन् पोळा होऊन जाऊ दे म्हणाला.

बाबू उद्या निघतात. घरी जाऊन हंडे भरतील अन् बीज घेऊन स्वतः येतील, बाई येईन, अन् हातानं पाणी हलवाले तू त्याइच्या संगं. बाईनं निरोप देला का या खेपेले चूल तिच्या ताब्यात.

आजीची आठवण धरून येजो, बाकी काही आणू नको. येणार ते बुधवारी, बावीस ऑगस्टले, पोळ्याच्या चार दिवस आधी.

तुयी आजी
गोकुळा