बोटांनी फिरलेला नट

रविवार, संध्याकाळ

ताटावरून उठलो. जेवण अर्धंच राहिलं.

महूहून इंदूरला परत येताना बाईकच्या मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट कुठेतरी गळून पडला. दुसरा नट जवळ नव्हता. रस्त्याकडेला तारेचा तुकडा मिळाला, त्याने रॉड आवळून बांधला आणि ब्रेक लागला. काय मिरवलो मधुरासमोर! आमची चार वर्षांची इरा तर टाळ्या वाजवत होती.

वाटेत राऊ गावात गॅरेज दिसलं म्हणून थांबलो. मेकॅनिक तारेकडे बघून हसला, मग चाकाशी वाकला.

"भिया, ब्रेक छोड़ो. ये देखो."

मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट, ज्यावर अख्खं चाक टिकतं, त्याने नुसत्या बोटांनी फिरवला. बोटांनी!

"परिवार को बिठा के लाए हो इसपे?"

तार बांधताना तो नट माझ्या हातापासून वीतभर होता. मी बघितलाच कसा नाही? ब्रेक लागला याच आनंदात होतो ना!

नट कसून झाल्यावरही मधुरा गाडीवर बसली नाही. इराला उचललं आणि रिक्षात बसली. सुदामा नगरला घरापर्यंत मी रिक्षाच्या मागेमागे, वीसच्या स्पीडने. इरा मागे वळून हात हलवत होती. मला हँडलवरचा हात सोडवेना.